पेनगंगेच्या तीरावरून जगप्रवास

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितले जाते. परंतु ज्यांना देशाटन करणे शक्य नाही त्यांनी काय करावे, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. प्रवासास द्रव्य लागते, सवड लागते आणि मागे घर सांभाळणारे कोणीतरी लागते. कोरडवाहू कापसाच्या शेतीवर ज्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो त्या कुटुंबातील मुलास या तिन्ही गोष्टी क्वचितच लाभतात. अशा मुलापुढे जगाचे दार उघडावयाचे असेल तर ते बहुधा ग्रंथानेच उघडावे लागते. प्रस्तुत लेखात या ग्रंथप्रवासाचा विचार आदिलाबादच्या सीमाभागाच्या आधारे केला आहे. हा भाग निवडण्याचे कारण पुढे क्रमाने स्पष्ट होईल.

आदिलाबाद म्हणजे येथे २०१६ पूर्वीचा अखंड जिल्हा समजावा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेलंगण शासनाने त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. उत्तरेस पेनगंगा, पूर्वेकडे वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी अशा नद्यांनी हा मुलूख वेढलेला आहे. पेनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके याच जिल्ह्यात मोडत असत. त्यामुळे येथील लोकव्यवहारात मराठी ही उपरी भाषा कधीच नव्हती. कुणबी, माळी आणि आंध समाजांची ती घरची भाषा. गोंड व कोलाम यांची ती बाजाराची भाषा. तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा समाजाची बोली या सर्व भाषा एकाच आठवडी बाजारात कानी पडतात. या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळाही दीर्घकाळ चालत आल्या आहेत. चार भाषा ऐकत वाढणारे मूल एका अर्थाने जन्मतःच प्रवासी असते. त्याला उणीव असते ती पुस्तकाची.

ग्रंथप्रवासाचा प्रारंभ कोठून करावा? पुष्कळ शिक्षक तो लंडन, पॅरिस किंवा उत्तर ध्रुवापासून करतात. दूरच्या गोष्टींचे आकर्षण मुलांना असतेच, हे खरे. तथापि ज्या पुस्तकात आपले गाव कोठेतरी आढळते, त्या पुस्तकावर मुलाचा विश्वास लवकर बसतो. आदिलाबादच्या मुलास असा पुरावा देणे कठीण नाही. निर्मल आणि गोदावरीपलीकडील कोनसमुद्रम् या टापूत पूर्वी जे पोलाद निघे ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत असत. ज्या तलवारी पश्चिम आशियात 'दमास्कसच्या' म्हणून नावाजल्या, त्यांचे पोलाद ज्या प्रदेशांतून जाई त्यांपैकी हा एक होता. डॉ. व्हॉयसी या इंग्रज भूगर्भवेत्त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले. दमास्कस हे नाव नकाशावर शोधताना विद्यार्थ्याला निर्मलपासून रेघ ओढावयास सांगितली की भूगोल, इतिहास आणि वाचन यांचे धडे एकाच रेघेवर येतात.

याच प्रांताच्या संदर्भात मार्को पोलोचे नाव घ्यावे लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा व्हेनिसचा प्रवासी हिंदुस्थानच्या किनाऱ्याने गेला आणि त्याने 'मुत्फिली' म्हणजे मोटुपल्ली बंदराच्या राज्याचे वर्णन केले. हे राज्य वारंगळच्या काकतीयांचे. तेथे एक राणी न्यायाने राज्य करते, असे तो आदराने सांगतो. तिच्या पतीच्या निधनानंतर तिने राज्य चालविले, असेही तो म्हणतो. वस्तुतः राणी रुद्रमादेवी ही गणपतिदेवाची कन्या होती आणि राज्य तिला पित्याकडून मिळाले होते. पुढे तो हिऱ्यांची हकीकत सांगतो : खोल दऱ्यांत मांसाचे तुकडे फेकावयाचे, त्यांना हिरे चिकटतात, मग गरुड ते तुकडे उचलून वर आणतात आणि माणसे गरुडांच्या मागे लागून हिरे मिळवितात. ही कथा सिंदबादच्या सफरींतही आहे. तेव्हा जो प्रवासी प्रत्यक्ष आला होता तोही ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहून गेला. मुलांना ही कथा अवश्य सांगावी. ती ऐकून मुले हसतात, आणि हसता हसता 'छापलेले सर्वच खरे नसते' हा वाचनाचा मोठा धडा शिकतात.

याउलट उदाहरण ज्यूल व्हर्नचे आहे. 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या नावाने मराठी वाचकास परिचित असलेली त्याची कादंबरी १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नाही. नकाशे, वर्तमानपत्रे आणि इतरांची प्रवासवर्णने यांच्या साहाय्याने त्याने आपल्या नायकास मुंबईहून आगगाडीत बसविले. ही गाडी घाट चढते, नाशिकवरून खानदेशात शिरते, बऱ्हाणपूरला थांबते. तेथे नायकाचा नोकर स्थानिक जोड्यांचा एक जोड विकत घेतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास या प्रकरणाइतके गंमतीचे दुसरे प्रकरण क्वचितच सापडेल. कारण येथे परदेशी पात्र आपल्या ओळखीच्या स्थानकांवरून जाते आणि ते सर्व एका फ्रेंच माणसाने आपल्या अभ्यासिकेत बसून लिहिलेले असते. पुढे रूळ अपुरे असल्यामुळे गाडी थांबते आणि नायकाला हत्तीवर बसावे लागते. कथा १८७२ मध्ये घडते. मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग प्रत्यक्षात १८७० मध्येच जबलपूर येथे जोडला गेला होता. कथेसाठी लेखकाला हत्ती हवा होता, म्हणून त्याने रूळ काढून टाकले, असेच म्हणावे लागते. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्या वाचताना शेजारी नकाशा असावा, एवढीच सूचना.

स्वभाषेतील प्रवासवर्णनांत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक. घरावरील कर्ज फिटावे म्हणून ते १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. महूजवळ त्यांना बंडाची वार्ता कळली आणि पुढील काळ ते त्या वणव्यात सापडले. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. घरी परतताना हाती राहिली ती गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांनी सांगितल्यावरून त्यांनी ही हकीकत लिहिली आणि ती १९०७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, छापली गेली. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये संपादित करून पुढे आणली. म्हणून शाळेच्या ग्रंथालयात या ग्रंथाची कोणती आवृत्ती आहे हे शिक्षकांनी पाहून ठेवावे. या ग्रंथाचा आनंद निसर्गवर्णनात नाही. सामान्य गृहस्थ, पोटासाठी निघालेला, मोठ्या घटनांच्या मध्यभागी अवचित उभा राहतो आणि तरीही स्नान, संध्या, भोजन व दक्षिणा यांचा हिशेब सोडत नाही, यात तो आहे. गरीब घरच्या विद्यार्थ्याला हा प्रवासी परका वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचा अमेरिकेवरील ग्रंथ १८८९ चा. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे त्या देशात राहिल्या. पदवी, शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकांचा कारभार यांकडे त्यांचे लक्ष होते. आपल्या देशात यातील काय आणता येईल, हा प्रश्न त्यांच्या मनातून जात नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे', पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग', आणि अलीकडच्या काळात मीना प्रभू यांची अनेक पुस्तके यांचा परिचय बहुतेक वाचकांस असल्याने येथे विस्तार करीत नाही. 'अपूर्वाई' वर्गात मोठ्याने वाचण्यास विशेष योग्य आहे, इतके मात्र नमूद करावेसे वाटते.

आता ज्या उदाहरणासाठी आदिलाबादची निवड केली ते पाहू.

ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्राचा विद्यार्थी असताना त्यांनी आसाम आणि वायव्य ब्रह्मदेश येथील आदिवासींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून १९३१ मध्ये पदवी मिळविली. विशेष हे की तोपर्यंत त्यांनी हिंदुस्थानची भूमी पाहिलेली नव्हती. सर्व अभ्यास ग्रंथालयात बसून, इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांवरून झाला. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या अधिकाऱ्यांनी नागांविषयी लिहिलेल्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पुढे १९३६ मध्ये ते प्रत्यक्ष नागा टेकड्यांत गेले. पुस्तकातून पाहिलेला देश त्यांनी पाच वर्षांनी डोळ्यांनी पाहिला.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हायमेनडॉर्फ हैदराबाद संस्थानात होते. ऑस्ट्रिया त्यापूर्वीच जर्मनीत सामील झालेला असल्याने ते ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्या हालचालींवर संस्थानाच्या हद्दीचे बंधन आले. जगभर फिरण्याची इच्छा असलेल्या संशोधकाला एका संस्थानात अडकून पडावे लागले. परंतु त्या अडकण्याचे त्यांनी सोने केले. प्रथम नल्लमल डोंगरातील चेंचू, मग गोदावरीकाठचे रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड असा त्यांचा अभ्यास चालला. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. जंगलजमिनीवरून धुमसणारा असंतोष का उसळला, हे समजून घेण्याची गरज संस्थानच्या शासनाला भासली, आणि या अभ्यासाला शासकीय महत्त्व आले. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी हे मारलवाई या गोंडांच्या खेड्यात साध्या कुडाच्या घरात राहिले, गोंडी शिकले. 'राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले, नेपाळात गेले, परंतु मारलवाईशी संबंध तुटला नाही. १९८७ मध्ये बेटी यांचे निधन झाले तेव्हा त्यांना मारलवाईतच मूठमाती देण्यात आली. १९९५ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनमध्ये वारले. पुढे त्यांचेही अवशेष पत्नीच्या समाधीशेजारी ठेवण्यात आले. गावकरी दरवर्षी जानेवारीत त्या दोघांचे स्मरण करतात.

या चरित्रात ग्रंथप्रवासाचा पूर्ण फेरा दिसतो. एक तरुण ग्रंथालयातून निघतो, डोंगरात पोहोचतो, तेथील जीवन लिहितो, आणि तो ग्रंथ पुन्हा दूरच्या ग्रंथालयात जाऊन बसतो. लंडन वा व्हिएन्ना येथील वाचक त्या पानांवरून मारलवाईस येऊ शकतो : दंडारीच्या दिवसांत मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी नर्तक पाहू शकतो, प्रधान भाट किकरी वाजवून देवांच्या कथा सांगत असताना ऐकू शकतो. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येणार नाही. मारलवाईच्या मुलाने व्हिएन्नाला कसे जावे? किंबहुना, आपल्याच आजोबांवर लिहिलेल्या ग्रंथापर्यंत तरी त्याने कसे पोहोचावे? ग्रंथ इंग्रजीत. मुलाची भाषा गोंडी. ज्याला पुस्तक मिळते तो प्रवासी ठरतो आणि ज्याला मिळत नाही तो केवळ प्रेक्षणीय स्थळ होऊन राहतो. ग्रंथवाचनाच्या आनंदाविषयी लिहिताना हा भेद सहसा ध्यानात घेतला जात नाही.

हायमेनडॉर्फ यांच्या तो ध्यानात आला होता, असे त्यांच्या कार्यावरून दिसते. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडांसाठी शाळांची योजना हाती घेण्यात आली. त्या काळी ज्या मोजक्या गोंडांना अक्षरओळख होती ती प्रामुख्याने मराठीची होती. म्हणून त्यांच्यातूनच पहिले शिक्षक निवडले गेले, आणि गोंडी भाषेतील वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार करण्यात आले. ही घटना मराठी वाचकांनी अभिमानापेक्षा विचारपूर्वक लक्षात ठेवावी. मराठीची लिपी येथे पूल म्हणून उपयोगी पडली : तिने गोंड मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेतील पहिले छापील पान दिले. पुढे राज्यपुनर्रचनेनंतर प्रादेशिक भाषेच्या माध्यमाचा जोर वाढला आणि ही गोंडी पुस्तके मागे पडली. ज्या मुलाने घरच्या भाषेत एकही पान वाचलेले नाही त्याला परक्या भाषेतील पुस्तकाचे दार ढकलावयास सांगणे म्हणजे होडीवाचून पेनगंगा पार करावयास सांगणे होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सुचविले आहे; आदिलाबादच्या डोंगरात हा प्रयोग त्यापूर्वी सुमारे पाऊणशे वर्षे करून पाहिलेला होता.

सेतु माधवराव पगडी यांचे कार्यही याच संदर्भात आठवते. मराठी वाचक त्यांना शिवकाल व मोगलकाल यांचे इतिहासकार म्हणून ओळखतो. हैदराबाद संस्थानाच्या प्रशासकीय सेवेत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांचा अभ्यास केला. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे पुस्तक आणि या दोन्ही भाषांची व्याकरणे इंग्रजीत आहेत. मराठवाड्यातील निलंग्याचा एक अधिकारी, मातृभाषा मराठी, कारभार उर्दूत, संशोधन फार्सी साधनांवर, आणि फिरतीच्या मुक्कामात गोंडी क्रियापदांची टिपणे : प्रवास म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे. भाषा शिकणे हा प्रवासाचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दीर्घ पल्ल्याचा प्रकार होय. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

या कथेला अलीकडे एक अनपेक्षित जोड मिळाली आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाळा नावाचे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची, स्वतंत्र लिपीत लिहिलेली हस्तलिखिते २००६ मध्ये अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. हैदराबाद विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी, प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखाली, त्यांचा अभ्यास केला. ही हस्तलिखिते अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची असावीत, असा अंदाज करण्यात आला आहे. गावातील काही मोजकी वृद्ध माणसेच ती लिपी वाचू शकत होती. त्यांच्याकडून ती शिकून घेण्यात आली, तिची बाराखडीची पुस्तके निघाली, आणि २०१८ मध्ये संगणकावरील लिप्यांच्या युनिकोड या जागतिक संकेतावलीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने तिला स्थान मिळाले. ज्या समाजाला शंभर वर्षे 'लिपी नसलेला' म्हटले गेले त्याच्या एका खेड्यात पोथ्या बासनात बांधून ठेवलेल्या होत्या. बाहेरचे लोक आपल्या पुस्तकांतून गोंडांकडे प्रवास करीत होते, तेव्हा गोंडांच्या पोथ्या कोणी उघडलेल्या नव्हत्या.

शाळेत याचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न शिक्षक विचारतील. त्याचे पहिले उत्तर पुस्तकांच्या पेटीत आहे. १९१० च्या सुमारास बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या साहाय्याने ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली तिच्यात फिरत्या पेट्या होत्या. निवडक पुस्तकांची लाकडी पेटी एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. आंध्रात पातूरि नागभूषणम् यांनी १९३५ मध्ये कृष्णेच्या कालव्यावर पुस्तकांची होडी चालविली. ज्याला प्रवास करता येत नाही त्याच्याकडे पुस्तकांनीच प्रवास करावा, ही कल्पना या दोहोंत आहे. पाच-सहा शाळांनी मिळून एक पेटी केली, ती महिन्याने पुढील शाळेस दिली, तर खर्च फारसा येत नाही. पेटीत एक मोठा नकाशा अवश्य असावा, आणि शक्य असेल तेथे गोंडी व कोलामी भाषेतील पुस्तकेही. पुस्तके कपाटात कुलूपबंद ठेवण्याची जी प्रथा काही ठिकाणी आढळते तिचे समर्थन करता येत नाही. हरविलेल्या पुस्तकापेक्षा न उघडलेल्या पुस्तकाने शाळेचे अधिक नुकसान होते.

वाचनानंतर मुलांनी काय लिहावे, हेही ठरवून द्यावे. 'पुस्तक आवडले' हे वाक्य लिहून घेऊन काही साधत नाही. प्रवासी कोठून निघाला, कोणत्या वाहनाने गेला, वाटेत काय खाल्ले, कोणाची भाषा त्याला समजली नाही, कोणत्या ठिकाणी तो ऐकीव गोष्ट सांगत असावा, अशा प्रश्नांची उत्तरे वहीत मागावीत. गोडसे भटजींच्या दक्षिणेचा हिशेब मांडून पाहणे हा गणिताच्या तासालाही शोभणारा पाठ आहे.

दुसरे असे की वाचणाऱ्या मुलाने आपल्या गावाचे प्रवासवर्णनही लिहिले पाहिजे, आणि ते नदीच्या दुसऱ्या तीरावरील शाळेस पाठविले पाहिजे. आदिलाबादकडील मराठी शाळा आणि यवतमाळ वा नांदेडकडील शाळा यांच्यात असा हस्तलिखितांचा विनिमय सहज होऊ शकतो. विषयांची वाण नाही. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेपूर्वी मेसराम कुळातील माणसे गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी कित्येक मैल चालत जातात; पौष अमावस्येस त्या पाण्याने पूजा होते. त्या वाटेवरचे मुक्काम, त्यांतील झाडे व ओढे यांची नोंद त्या कुळातील एखाद्या मुलाने केली तर तिची बरोबरी बाहेरून आलेला लेखक करू शकणार नाही. आदिलाबादहून किनवटमार्गे मुदखेडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून काय दिसते, बासर येथे गोदाकाठी ज्ञानसरस्वतीच्या देवळात मुलांना पहिले अक्षर कसे गिरवावयास देतात, कुंटाला धबधब्यावर पावसाळ्यात आवाज किती दुरून ऐकू येतो, हे सर्व पलीकडच्या मुलास नवे असते. निर्मलची रंगीत खेळणी 'पोनिकी' नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची असतात, हे पांढरकवड्याच्या बाजारात ती पाहणाऱ्या मुलास बहुधा ठाऊक नसते. तेव्हा पहिल्या हस्तलिखिताचा आरंभ तेथूनच करण्यास हरकत नाही.